अर्धी मुंगी

पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून आलेली नसते, असा जो एक चिकट, रेंगाळणारा मधला काळ नाशकात येतो, तो मला मुळीच आवडत नाही. सकाळी दहालाच ऊन पाठ भाजून काढतं. परवापर्यंत ज्या रस्त्यावर चिखल तुडवला तिथेच आता धूळ उडते. आमच्या मखमलाबादच्या बाजूला द्राक्षांची छाटणी सुरू होते आणि छाटलेल्या काड्यांना लावायच्या औषधाचा उग्र वास दिवसभर घरात शिरत राहतो. शेवंतीला कळी धरलेली असते, घोटीकडचं भात पिवळं पडलेलं असतं, दिवाळी डोक्यावर येऊन बसलेली असते. आणि मुंग्या निघतात. ओट्यामागच्या फटीतून निघतात, भिंतीला धरून चालतात आणि साखरेच्या डब्याला वळसा घालून नेमक्या तुपाच्या भांड्याशी जातात.

दरवर्षी याच सुमाराला सगळ्या ओळखीपाळखीच्यांना माझी आठवण येते. एरवी वर्षभर ज्यांना मी रस्त्यात भेटले तरी दिसत नाही, ते फोन करतात. मॅडम, तुमची पीएचडी मुंग्यांवर आहे ना, मग त्या जायला काय करायचं ते सांगा. मी सांगते की त्या घालवायच्या कशा हे मी शिकलेले नाही, त्यांना ओळखायचं कसं हे शिकले आहे. मग हमखास प्रश्न येतो: म्हणजे, मग उपयोग काय? आता या प्रश्नाला इतकी वर्षं उत्तर देऊन देऊन माझा घसा कोरडा पडलेला आहे. मी हळदीची रेघ ओढा म्हणून सांगते आणि फोन ठेवते.

माझ्या मुंग्या म्हणजे फायडोली. हे एका मुंगीचं नाव नाही, मुंग्यांच्या अख्ख्या प्रजातीचं नाव आहे. प्रजाती म्हणजे आडनाव समजा आणि तिच्यातल्या जाती म्हणजे त्या आडनावाची वेगवेगळी घरं. आता हे आडनाव आपल्याकडच्या जाधव-पाटलांसारखं आहे. उष्ण देशांत जिथे मूठभर माती आहे तिथे ही मंडळी आहेतच, आणि कोण कुणाचं कोण हे सांगताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. त्यात यांची आणखी एक खोड. एकाच वारुळात दोन तऱ्हेच्या कामकरी. बहुतेक सगळ्या लहान, चुणचुणीत. आणि त्यांच्यात अधूनमधून एखादी अशी, की दुसऱ्याच कुणाचं भलंमोठं डोकं चुकून हिच्या धडावर बसवलंय असं वाटावं. ते डोकं दाणे फोडायला. दोघी एकाच राणीच्या लेकी, सख्ख्या बहिणी. पण ज्याला माहीत नाही तो शपथेवर सांगेल की या दोन वेगळ्या मुंग्या आहेत. जुन्या काळच्या मोठमोठ्या पंडितांनीही इथे मार खाल्लेला आहे.

जात ओळखायची ती मोठीच्या डोक्यावरून. लहान मुंग्या सगळ्या एकमेकींसारख्याच दिसतात. लहानीचं घर कोणतं हे सांगायचा एकच मार्ग, ती कोणत्या मोठीबरोबर सापडली ते बघणं. म्हणून एका वारुळातल्या मुंग्या एकाच बाटलीत, स्पिरिटमध्ये ठेवायच्या, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची आणि ती बाटली जिवापाड जपायची. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. माझं जे काही वाटोळं झालं ते सगळं या वाक्यातच आहे.

तर ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, आणि पीएचडी झाली नाही तर नोकरी कायम होणार नाही असं मला अगदी गोड शब्दांत सांगण्यात आलं होतं. माझे मार्गदर्शक, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं ‘सर’ म्हणायचं, त्यांनी विषय दिला: नाशिक जिल्ह्यातल्या फायडोली, त्यांची ओळख आणि वर्गीकरण. मला वाटलं सोपं आहे. मुंग्या कुठे नाहीत?

मुंग्या सगळीकडे असतात हेच तर दुखणं होतं. ओळखायला जी प्रश्नांची माळ असते तिला किल्ली म्हणतात. डोक्यावरच्या रेघा मागच्या कडेपर्यंत पोचतात का? पोचत असतील तर पुढे अमक्या ओळीवर जा, नसतील तर तमक्या ओळीवर. आता माझ्या मुंगीच्या रेघा पोचायच्या आणि पोचायच्याही नाहीत. कुठे ‘किंचित खडबडीत’, कुठे ‘जवळजवळ गुळगुळीत’. अहो, जवळजवळ म्हणजे किती? हे लिहिणारा माणूस युरोपात कुठेतरी थंडीत बसून वाळलेली मुंगी बघून गेला, मरूनही गेला, आणि त्याने ‘किंचित’ म्हणजे काय म्हणायचं होतं ते मी इथे पंखा बंद पडलेल्या खोलीत घाम पुसत शोधत बसायचं. त्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स माझ्याकडे होती. चित्रातल्या मुंग्यांचे नुसते काळे डाग झालेले. सरांकडे जावं तर ते बाटली उजेडात धरून बघायचे, ‘हंऽ’ करायचे आणि अजून नमुने आण म्हणायचे. त्या ‘अजून नमुने’ या दोन शब्दांनी मला जितकं भंडावलं तितकं कुणीच भंडावलं नसेल.

मग मी नमुने आणायला हिंडायची. तोंडाने हवा ओढायची एक नळी असते, मध्ये बाटली. आपण इकडून ओढायचं की मुंगी तिकडून बाटलीत येते. मध्ये जाळी असते म्हणून ती तोंडात येत नाही. साडी नेसलेली एक बाई बांधावर उकिडवी बसून जमिनीला नळी लावून ओढते आहे, हे दृश्य बघायला माणसं जमणार नाहीत तर काय होणार. नामपूरला कांद्याच्या बाजारात मी कांदे साठवायच्या एका चाळीच्या कडेला बसले होते. एक म्हातारबाबा बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी अगदी कळवळून म्हणाले, “बाई, तुना घरमा मुंग्या नहीत का?” माझ्या घरात मुंग्या होत्या. मी नामपूरला त्यांच्यासाठीच आले होते, एसटीत उभी राहून, हेही खरं होतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात घोटीला ती सापडली. भाताच्या शेताचा कोपरा होता, ओला बांध, वर लव्हाळं. खोबऱ्याचा तुकडा ठेवला तर लहान मुंग्या आल्या आणि त्यांच्या मागून एक मोठी, डोकं सावरत. घरी येऊन सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर हिच्या डोक्यावरच्या रेघा सरळ नव्हत्या. माझ्या किल्लीत त्या रेघांना जागाच नव्हती. मी सगळ्या ओळी सुलट्या-उलट्या वाचल्या. सरांना दाखवली. त्यांनी ‘हंऽ’ केलं नाही. खुर्ची पुढे ओढली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ही कुणी लिहिलेली दिसत नाही. मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. रिक्षाच केली असणार.

म्हणजे कामाला एकदम अर्थ आला होता. एका मुंगीला जगात पहिल्यांदा नाव मिळणार होतं आणि ते मी देणार होते. विद्यापीठाची मुदत मार्चअखेर संपत होती, ती आधीच एकदा वाढवून घेतली होती. पण घोटीच्या बाटलीत मोठ्या होत्या, लहान होत्या, चिठ्ठी होती. दिवाळीच्या सुट्टीत बसून लिहून काढायचं, एवढंच राहिलं होतं.

आता आत्याबाईंबद्दल सांगायला हवं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं घर माळ्याचं, फुलांचं. माझा नवरा सुधाकर नाशकातच, द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला होता, पण घरामागचा शेवंतीचा आणि झेंडूचा तुकडा आत्याबाईच बघायच्या. फुलं तोडून आणली की अंगणात धोतराचं जुनं पान अंथरायचं आणि माल वेगळा करायचा. मोठं फूल एका पाटीत, लहान दुसरीत, डागी तिसरीत. हे करताना त्या फुलाकडे बघतसुद्धा नसत, बोटंच बघायची. त्यांचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर चाललेलं होतं, की मिसळ मालाला बाजारात भाव नसतो. मोठं फूल लहानात गेलं की लहानाच्या भावाने जातं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात त्यांच्या पाट्या बघून गिऱ्हाईक भाव करायचं थांबवत असे. त्याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो रास्तच होता.

माझं काम जेवणाच्या टेबलावर चालायचं. कॉलेजातून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक, पांढरी बशी, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांची फौज. आत्याबाई येता-जाता बघायच्या. मी एक बाटली बशीत ओतायची, मोठ्या डोक्याच्या मुंग्या चिमट्याने एका बाजूला घ्यायची, डोक्यांची मापं घ्यायची. तेवढ्यात दिवे जायचे, किंवा कुकरची शिट्टी व्हायची, किंवा सुधाकर त्याचा रुमाल कुठे आहे म्हणून विचारायचा, आणि मी कपाळाला हात लावायची. काम झालं की सगळ्या परत त्याच बाटलीत. हे परत घालणं आत्याबाईंनी कधी पाहिलं नसावं, किंवा पाहिलं असलं तरी त्यांना ते कंटाळून अर्धवट टाकलेलं काम वाटलं असावं. ज्या बाईने जन्मभर माल वेगळा केला तिला दुसरं काय वाटणार?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून संध्याकाळी घरी आले. दिवाळीची आवराआवर चालू होती. माळ्यावरची भांडी खाली आलेली, फडताळं पुसलेली, चुन्याचा वास सुटलेला. जेवणाचं टेबल लख्ख होतं. त्यावर लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या, धुऊन पुसून, स्पिरिटने भरलेल्या. एका बरणीत सगळ्या मोठ्या मुंग्या. दुसरीत सगळ्या लहान. माझ्या बाटल्या घासून वर्तमानपत्रावर पालथ्या घातलेल्या होत्या. चिठ्ठ्याही टाकलेल्या नव्हत्या, वाळवून, एकावर एक ठेवून, रबर लावून ठेवल्या होत्या. आत्याबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. दिवसभर बसून केलं असणार.

“लय मिसळ माल होता गं,” त्या म्हणाल्या. “सगळा येगळा केला. आता तुला सोपं जाईन.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले. शेजारच्या काकू कठड्याशी आल्या इतकी ओरडले. नामपूरची, दिंडोरीची, घोटीची, अंगणातली, सगळ्या वारुळांची एक खिचडी करून त्यांनी माझ्यासमोर ठेवली होती, तीही इतक्या व्यवस्थित, की एक लहान मुंगी मोठ्यांत सापडली नसती. आत्याबाईंना काय चुकलं तेच कळत नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिल्या की एक मुंगी तरी फेकली का मी, बघ की. खरंच फेकली नव्हती. तोच तर संताप होता. फेकल्या असत्या तर निदान सरळ रडता तरी आलं असतं. लोकांनी मला नंतर पुष्कळदा सांगितलं की इतकं बोलायला नको होतं, त्यांनी प्रेमाने केलं होतं. प्रेमानेच केलं होतं, मी कुठे नाही म्हणते? पण माझं वर्ष पाण्यात गेलं होतं आणि ओरडण्याचा हक्क मला होता. आजही मला तसंच वाटतं.

सुधाकर रात्री आला आणि त्याने सगळं ऐकून घेऊन शांतपणे विचारलं, मुंग्याच आहेत ना, परत आणता येतील की. त्याच्याशी मी पाडव्यापर्यंत बोलले नाही. ओवाळलं, पण बोलले नाही.

सरांनी दोन्ही बरण्या उजेडात धरल्या. चष्मा काढून पुसला. म्हणाले, तुझ्या सासूबाईंनी जे केलं तेच आधीच्या लोकांनी केलं होतं, आणि त्यांना आपण शास्त्रज्ञ म्हणतो. मला हसू आलं नाही. मी विचारलं, घोटीच्या मोठ्या तर डोक्यावरून ओळखू येतात, वेगळ्या काढता येतील, तेवढ्यांवर नाव नाही का देता येणार? दुसरे कुणी असते तर चालवूनही घेतलं असतं. सर हटून बसले. मोठी कळली, लहानी कळली नाही, वारूळ कोणतं ते सांगता येत नाही. “अर्ध्या मुंगीला नाव देत नाहीत,” ते म्हणाले, आणि विषय संपवला.

शहरातली वारुळं जवळची होती, ती मी पुन्हा उकरली. बरण्यांतल्या जातींपैकी बऱ्याचशा तशा भरून निघाल्या. घोटी राहिली. भाऊबीज झाल्यावर मी निघाले तर आत्याबाई डबा बांधून दाराशी तयार. कशाला येता म्हटलं तर म्हणाल्या, घोटीला नवे तांदूळ चांगले मिळतात. आम्ही एकमेकींशी धड बोलत नव्हतो. द्वारकेवरून जीपमध्ये कोंबून बसलो, आणि संपूर्ण रस्ता त्या माझ्या पिशवीतली नळी दोन्ही हातांत धरून बसल्या, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मला त्याचाही राग येत होता.

शेतात गेलो तर कोपरा होता, बांध होता, पण त्या जागी खळं झालं होतं. बांधालगतची जमीन ठोकून, चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत केलेली, आणि वर भाताच्या पेंढ्या रचलेल्या. माझं वारूळ त्याखाली कुठेतरी. शेताची मालकीण, हौसाबाई, बोलायला चांगली होती. तिने आम्हाला पाणी दिलं, सावलीत बसवलं. पण कुदळ म्हणताच तिने मान हलवली. भाताच्या खळ्याला कुदळ लावायची म्हणजे काय, झोडपणी व्हायचीये अजून. आत्याबाईंनी माझ्या आधीच मान डोलावली. शेतकऱ्याच्या घरची बाई, तिला ते समजावून सांगावं लागलं नाही. मीच तेवढी दात खात बसले.

मग उगीच हात रिकामे नको म्हणून मी पलीकडच्या बांधावर एक वारूळ उघडलं. साधीच जात होती, माझ्या अंगणातली. खुरप्याने माती बाजूला केली तशी आतली पळापळ सुरू झाली. लहान मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून धावत होत्या, आणि मोठ्या आपली जड डोकी घेऊन त्यांच्या मध्ये मध्ये, वाट अडवून, मार अंगावर घेत. आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आधी नुसत्या बघत होत्या. मग त्यांचा हात माझ्या दंडावर आला.

“ह्या एकाच घरच्या हायत,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “मी घरं मोडली.”

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? मी त्यांना हेच ओरडून ओरडून सांगितलं होतं, पण तेव्हा ते शिरलं नव्हतं. येताना त्यांनी खरोखरच तांदूळ घेतले आणि दोघींच्या मध्ये ते पोतडं ठेवून आम्ही परत आलो.

मळणी झाल्यावर मी पुन्हा गेले. खळं मोडून नांगरलं होतं, हरभरा पेरला होता. दिवसभर वाकून कंबर मोडली, पण ती मुंगी मिळाली नाही. मार्चअखेर प्रबंध दिला. त्यात शेवटाकडे एक ओळ आहे: घोटी, जात अनिश्चित, लहान कामकरी अज्ञात. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, अज्ञात का? मी म्हटलं, दिवाळी होती. ते हसले. त्यांना वाटलं मी सुट्टीबद्दल बोलते आहे. पदवी मिळाली, नोकरी कायम झाली, पेढे वाटले. त्यानंतर एक-दोन वर्षं मी घोटीच्या बाजूला जाऊन आले, मग ते सुटलं. पेपर तपासणं, मुलीची दहावी, कॉलेजात दर वर्षी येणाऱ्या तपासणीच्या समित्या. खोटं कशाला बोलू, मला त्या मुंगीचा कंटाळा आला होता. जी वस्तू आपल्या हाताला लागून निसटली तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघवत नाही.

आत्याबाईंनी मात्र त्या दिवसानंतर माझ्या टेबलाला हात लावला नाही. टेबल पुसायचं असलं तरी मला विचारायच्या. तेही मला कधीकधी असह्य व्हायचं.

गेल्या आठवड्यात कॉलेजातल्या संगणकावर काहीतरी भलतंच शोधत असताना ती मला दिसली. चित्रावरूनच ओळखली. वाकड्या रेघांचं डोकं. दक्षिणेकडच्या कुणा तरुण संशोधकाने तिचं वर्णन छापलं होतं, शेजारी लहानीचंही स्वच्छ चित्र होतं आणि वर नाव. रीतसर, नवं कोरं नाव. मी ते पान कितीदा वाचलं कुणास ठाऊक. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या घरी दिवाळीची आवराआवर वेळेवर होत नसणार. संगणक बंद केला, रिक्षात बसले. द्वारकेवर नेहमीसारखी गर्दी तुंबली होती, आणि त्या धुरात, कर्कश हॉर्नमध्ये मला असं एकटीलाच रडू आलं, म्हणून आणखी चिडले.

घरी आत्याबाई अंगणात शेवंती घेऊन बसल्या होत्या. आता त्यांना खाली बसता येत नाही, पाटावर बसतात आणि पाट भिंतीला टेकवलेला असतो. मी पर्स फेकली आणि वीजबिल भरून आल्यासारखं सांगितलं, की त्या घोटीच्या मुंगीला नाव मिळालं. दुसऱ्याला सापडली.

त्यांचा हात थांबला. “दोघी एका घरात गावल्या त्याला?”

हो, म्हटलं.

कुठं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं भाताच्या शेतात. शेतात कुठं? मी वैतागले. आता हे काय, शेतात म्हणजे शेतात, लिहिलंय त्याने बांधाच्या पोटात, ओलीला.

“बांधात व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. “मी खळ्यावरच बघत बसले.”

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं. दर दिवाळीनंतर आत्याबाई घोटीला नवे तांदूळ आणायला जायच्या. द्वारकेवर तांदळाची पन्नास दुकानं आहेत, तेच तांदूळ, तोच भाव, आणि ही बाई उन्हातान्हात जीपमध्ये चेंगरून घोटीला जाणार, संध्याकाळी परत येणार. आम्ही सगळे त्याला त्यांचा हट्ट म्हणायचो. सुधाकर थट्टा करायचा. मी भांडायची सुद्धा, की पाय सुजतात मग कुणाला निस्तरावं लागतं.

मी ओरडलेच. या वयात, एकट्या, कुणाच्या शेतात, काही झालं असतं तर आम्हाला कळलं तरी असतं का? एकदा तरी सांगायचं होतं. मी आले असते.

आत्याबाईंनी हातातलं फूल पाटीत टाकलं. “तू घोटीचं नाव तरी काढू देत व्हती का?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

त्यांनी दुसरं फूल उचललं.

“जाऊ दे. त्याला गावल्या ना, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “माझ्यानं आता उकिडवं बसवत नाय.”